‘पुश’ वाचून दार ढकलू नका

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा नोकरीसाठी लिस्बनला असतो. तिथल्या एका बेकरीच्या काचेच्या दाराचा फोटो त्याने पाठवलाय. दारावर चार अक्षरं आहेत, पी-यू-एक्स-ई. त्याने आपल्या सवयीप्रमाणे ते ‘पुश’ असं वाचलं आणि दार ढकललं. दार हलेना. आतली बाई हसून खुणा करत होती, ओढ म्हणून. इंग्रजीतलं ‘पुश’ आणि हे ‘पुश’ एकच का? एकच असेल तर अर्थ उलटा कसा? आणि इंग्रजीत एक ‘पुश’ असताना ‘शव्ह’ कशाला लागतं?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : मुलाला आधी सांगा, तू वाचलंस ते बरोबरच होतं. पोर्तुगीजात इथे एक्सचा उच्चार ‘श’ होतो आणि शेवटचा स्वर लिस्बनची माणसं जवळजवळ गिळून टाकतात. उरतो तो ‘पुश’च. गोव्याबाहेरच्या माणसाने त्याचं ‘पक्स’ केलं असतं. आपल्याला एक्सचा ‘श’ कुणी शिकवावा लागत नाही. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत शीत एक्सने लिहितात, केपे तालुक्यातलं शेल्डें पाटीवर एक्सने सुरू होतं, आणि इंग्रजी शाळा ज्या संताला झेवियर म्हणते तो जुन्या माणसांच्या तोंडी शाव्येर असतो. तेव्हा वाचन शंभर टक्के. फक्त त्या दारावर ‘ओढा’ असं लिहिलं होतं. ढकलायच्या दारावर तिथे ‘एम्पुर्र’ असं काहीसं वाचायला मिळेल.

आता मुद्दा. होय, दोन्ही शब्द एकाच घरचे. मूळ लॅटिन क्रियापद ‘पेल्लेरे’, म्हणजे हाकणे, रेटणे, पुढे घालणे. त्याचं एक रूप ‘पुल्सारे’. लॅटिनमध्ये एखादी क्रिया पुन्हापुन्हा किंवा नेटाने होत असेल तर क्रियापदाचं वेगळं रूप करतात. मराठीत आपण अशा वेळी ‘ठोकठोक ठोकलं’ म्हणून काम भागवतो. पुल्सारे म्हणजे मारत राहणे, ठोकणे, धक्के देणे. रोमन साम्राज्य गेलं, लॅटिनच्या ठिकठिकाणी बोली झाल्या. फ्रान्समध्ये याचं आधी ‘पूल्से’ आणि पुढे ‘पूसे’ झालं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड घेतलं, दरबार आणि कोर्टकचेऱ्या फ्रेंचमध्ये बोलू लागल्या, आणि फ्रेंच शब्द गाडीभर इंग्रजीत उतरले. १४व्या शतकातल्या इंग्रजीत ‘पुश’ दिसतो. तेव्हा त्याच्यात ढकलण्याबरोबर वार करण्याचीही छटा होती. पुल्सारेचा ठोकाठोकीचा वारसा तेवढा शिल्लक होता म्हणायचा.

या पेल्लेरेची पोरंबाळं तुमच्या घरात रोज वावरतात. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो तेव्हा नवव्या इयत्तेला हा तास हटकून घ्यायचो. फळ्यावर मधोमध ‘पेल’ एवढंच लिहायचं आणि मुलांना म्हणायचं, पुढे अक्षरं लावा. एक्सपेल, म्हणजे शाळेतून बाहेर घालवणे. या शब्दाला मागचा बाक हसायचा. कम्पेल, चहूकडून रेटून एका जागी आणणे. त्याच्यातूनच कम्पल्सरी, ज्याची मुलांना फार चीड. रिपेल, मागे रेटणे. संध्याकाळी आपण डासांसाठी जे लावतो ते रिपेलंट. प्रोपेल, पुढे रेटणे. मालीमच्या जेटीवर सुकत उभ्या असलेल्या ट्रॉलरच्या बुडाशी दिसतो तो प्रोपेलर. इम्पल्स, आतून बसलेला धक्का. आणि डॉक्टर मनगट धरून बघतात ती पल्स, म्हणजे नाडीचा ठोका. पोर्तुगीजात मनगटालाच ‘पुल्सु’ म्हणतात. आकाशातला पल्सर तारा १९६७ साली सापडला. ठरावीक ठेक्याने स्पंदनं पाठवतो म्हणून त्याला ते नाव. त्या नावाच्या मोटरसायकली आता गल्लोगल्ली आहेत. पेट्रोल संपल्यावर रात्री एखादा पोरगा पल्सर ढकलत नेताना दिसला की मला वाटतं, चला, पुल्सारे आणि पुश एकदाचे भेटले.

एका ठिकाणी मात्र सावध. बाजारातल्या डाळी-कडधान्यांना इंग्रजीत ‘पल्सिस’ म्हणतात. स्पेलिंग तेच, घराणं वेगळं. लॅटिनमध्ये ‘पुल्स’ म्हणून एक पदार्थ होता, धान्य शिजवून केलेली दाट पेज. पाव घरोघरी पोचण्याआधी रोमन माणूस त्याच्यावर जगायचा. डाळींचं नाव त्या पेजेवरून आलं, ढकलण्यावरून नव्हे.

आता लिस्बनच्या दाराकडे. पुल्सारेचं फ्रेंचमध्ये पूसे झालं, ते आजही ढकलतं. स्पॅनिशमध्ये ‘एम्पुहार’ झालं, तेही ढकलतं. पोर्तुगीजात ‘पुशार’ झालं आणि ते ओढायला लागलं. एवढ्या गोतावळ्यात हा एकटाच फिरला. नुसता फिरला नाही, पुरता बस्तान बसवून आहे: खणाच्या किंवा कपाटाच्या मुठीला पोर्तुगीजात ‘पुशादोर’ म्हणतात, म्हणजे ओढणी. ब्राझीलमध्ये हांजी हांजी करणाऱ्याला ‘पुशा-साकु’ म्हणतात, पिशवी ओढणारा.

अर्थ उलटा झाल्याचं लोकांना फार नवल वाटतं. मला वाटत नाही, कारण आपण मराठी माणसं रोज तेच करतो. घरातून कुणी बाहेर निघालं की आतून आपण ओरडतो, ‘जाताना दार लोटून घे.’ आता बघा. आपल्या घरांची दारं आत उघडतात. जाणारा बाहेर पायरीवर उभा. दार लावायचं तर त्याला ते स्वतःकडे ओढावंच लागणार. तरी आपण त्याला सांगतो ‘लोटून घे’, आणि तो बिनचूक ओढतो. थोड्या वेळाने शेजारीण येते. आपण म्हणतो, ‘ये गो, दार लोटलेलंच आहे.’ ती तेच दार लोटते, या खेपेला खरोखरचं, आणि ते उघडतं. एकच क्रियापद, ओढूनही चालतं, ढकलूनही चालतं, बंदही करतं आणि उघडतंही. गोंधळ कुणाचा होत नाही, कारण कोण कुठे उभं आहे ते दोघांना ठाऊक असतं. माझ्या मते मूळ अर्थ एवढाच असतो की जोर लावून वस्तू जागची हलव. दिशा नंतर चिकटते, आणि प्रत्येक भाषेत ती त्याच बाजूला चिकटेल असं नाही. काचेवर चार अक्षरं चिकटवली की मात्र पंचाईत होते, कारण अक्षरांना तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात ते दिसत नाही.

आमच्या घरी या शब्दाने एकदा अंगठा फोडलाय. माझे वडील पोर्तुगीज शाळेतली सेगुंद ग्राव ही परीक्षा झालेले, पोर्तुगीज त्यांच्या जिभेवर. आतेभाऊ बेळगावला राहून इंग्रजी शिकून आलेला. गोवा मुक्तीपूर्वी ज्यांना इंग्रजी हवं असायचं ते बेळगावची वाट धरायचे. चतुर्थीच्या आधी घराला रंग काढायचा म्हणून सागवानी कपाट भिंतीपासून हलवायचं होतं. वडील भिंतीकडच्या बाजूने रेटत होते, भाऊ समोरून. वडिलांनी हुकूम सोडला, ‘पुशा! पुशा!’ म्हणजे ओढ, ओढ. भावाने बेळगावचं सगळं शिक्षण पणाला लावून ढकललं. कपाट दोन्हीकडून दाबलं गेलं, जरा उचललं गेलं आणि वडिलांच्या पायावर टेकलं. त्यानंतर जे बोलणं झालं ते शुद्ध कोकणीत झालं.

दाराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तुमच्या दाराची चावी आणि बिजागरी दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेल्या. त्यात चावीची गंमत ऐका. आज लिस्बनमध्ये किल्लीला ‘शाव’ म्हणतात. मग आपण ‘शावी’ का म्हणत नाही? कारण पोर्तुगीज इथे आले तेव्हा ते स्वतः तिथे ‘च’ म्हणत होते. पुढे त्यांच्या देशात त्या ‘च’चा ‘श’ झाला. आपण मात्र त्यांचा जुना उच्चार जपून बसलो आहोत.

राहिला ‘शव्ह’. पुश फ्रेंचांबरोबर आला, शव्ह त्याच्याही आधीपासून इंग्रजांच्या घरचा. जुन्या इंग्रजीत ‘स्कूफान’ असं त्याचं रूप होतं. जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ ‘शीबेन’, तोही ढकलतो. खोऱ्याला म्हणतात ते शव्हल त्याच मुळाचं, कारण खोरं मातीत ढकलावंच लागतं. पत्ते पिसायचं शफल आणि झटापटीचं स्कफल त्याच गोतातले. इंग्रजांच्या दारूच्या गुत्त्यांत एक जुना खेळ आहे, शव्ह-हेपनी. गुळगुळीत फळीवर आडव्या रेघा, आणि काठावर ठेवलेलं नाणं तळहाताने असं सारायचं की ते दोन रेघांच्या बरोबर मधे थांबलं पाहिजे. कॅरम खेळणाऱ्याला तो खेळ समजावून सांगावा लागणार नाही.

अर्थातला फरक असा. पुश शांतपणेही करता येतो: बाळाची गाडी पुश करतात, विजेचं बटण पुश करतात. शव्हमध्ये हिसका आहे, बेपर्वाई आहे. रांगेत पुश झालेला माणूस मागे वळून बघतो. शव्ह झालेला बाह्या सारतो. म्हणून तर इंग्रजीत ‘पुश शव्हवर आला’ अशा थाटाची म्हण आहे. तिला मराठीत फार छान जोड आहे, ‘प्रकरण हातघाईवर आलं’. शव्हचा एक रांगडा पण निरुपद्रवी वापर दर्यावर्दी लोकांचा आहे: काठाला रेटा देऊन होडी पाण्यात लोटणे म्हणजे ‘शव्ह ऑफ’. आपले रापणकार पहाटे वाळूवरून होडी लोटतात ते हेच. आज मात्र इंग्रज माणूस तुम्हाला ‘शव्ह ऑफ’ म्हणाला तर तो होडीविषयी बोलत नसतो, चालते व्हा म्हणत असतो.

आणि ऑफिस सुटायच्या वेळी फोंडा-पणजी बसमध्ये चालते ती रेटारेटी? तिला पुशही नको आणि शव्हही नको, तिच्यासाठी ‘जॉसल’ हा खास शब्द आहे. तो ‘जाउस्ट’वरून आला, म्हणजे चिलखत घातलेले सरदार भाले रोखून घोड्यावरून एकमेकांवर चालून जायचे तो खेळ. कंडक्टर ‘फुडें सर, फुडें सर’ म्हणून ओरडतो तेव्हा तुम्ही त्या परंपरेचे पाईक असता.

प्रश्न : मला एका कंपनीची मेल आली की मुलाखत एका आठवड्याने ‘पुश्ड बॅक’ झाली आहे. ‘बॅक’ म्हणजे मागे, तेव्हा तारीख अलीकडे आली असं समजून मी धावपळ केली. मित्र म्हणतो, पुढे गेली. कोण बरोबर?
— एक वाचक, साखळी

उत्तर : मित्र. मुलाखत पुढे ढकलली आहे. आपण जिला ‘पुढे ढकलली’ म्हणतो तिलाच इंग्रज ‘मागे ढकलली’ म्हणतो. आपल्या मनात आजचा दिवस इथे आणि येणारे दिवस समोर पसरलेले. तारीख लांबवायची म्हणजे तिला आपल्यापासून पुढे सारायची. इंग्रजाच्या डोळ्यासमोर तारखांची रांग असते आणि ती त्याच्याकडे तोंड करून येत असते. रांगेतल्या एखाद्याला मागे सारलं की त्याचा नंबर उशिरा लागतो. दोघांचंही बरोबर आहे. हाच प्रकार ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’चा, त्याच्यावरून इंग्रज आपसातही घोळ घालतात. म्हणून कामाच्या मेलमध्ये मी तरी दिशा लिहीत नाही, सरळ तारीख लिहितो. तुम्हीही उलट मेल करून तारीखच मागवा.

‘पुशबॅक’चे आणखी दोन अर्थ तुमच्या कानावर येतील. नोकरी लागलीच तर पहिला: साहेबाच्या म्हणण्याला नम्रपणे विरोध करणे. आपल्याकडे त्याला ‘नाही’ म्हणणे असं म्हणतात आणि ते क्वचितच नम्रपणे होतं.

दुसरा विमानतळावरचा. दाबोळीला किंवा मोपाला खिडकीशी बसलात तर बघा, विमान इमारतीला नाक लावून उभं असतं. निघताना ते स्वतःच्या इंजिनांवर मागे येत नाही. तसं केलं तर इंजिनांच्या झोताने धूळ, खडे आणि जवळपासची माणसं उडतील. म्हणून एक बुटकं, वजनदार ट्रॅक्टर येतं, पुढच्या चाकाला जोडून घेतं आणि सगळं धूड मागे रेटतं. हे पुशबॅक. आणि त्या ट्रॅक्टरचं नाव काय? टग! ‘टग’ म्हणजे खेचणे. मुरगाव बंदरातल्या टगबोटींचं तेच. नाव खेचणारीचं, आणि अर्धा वेळ काम काय, तर जहाजाच्या कुशीला नाक लावून त्याला धक्क्याकडे रेटायचं. त्यासाठीच त्यांच्या नाकाला जाड रबर बांधलेलं असतं. लिस्बनच्या दाराने ज्यांची झोप उडाली असेल त्यांनी एकदा वास्कोला जाऊन हे बघून यावं.

तुमच्या फोनवर न मागता टुणटुणतं ते ‘पुश नोटिफिकेशन’ही याच घरचं. तुम्ही ॲप उघडून ‘काही नवीन आहे का?’ विचारलंत तर ते पुल. तुम्ही न विचारता पलीकडच्या सर्व्हरने माहिती तुमच्या अंगावर ढकलली तर पुश. इथे तरी दिशा पक्की आहे.

प्रश्न : सगळे ‘हसल’ ‘हसल’ करतात. कॉलेजात निम्म्या मुलांचं साइड हसल असतं. यातही ढकलणं आहे म्हणतात, खरं का?
— एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : खरं आहे, पण मधल्या काळात होतं. हा शब्द डचांचा. १७व्या शतकात जे गोव्याच्या तोंडाशी जहाजं आणून समुद्राची वाट अडवून बसायचे, तेच डच. त्यांच्या भाषेत ‘हुसेलन’ म्हणजे हलवणे, खुळखुळवणे. एका जुगारात नाणी टोपीत घालून खुळखुळवायचे. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रजीने तो उचलला. खुळखुळवण्यावरून गर्दीत धक्के देणे झालं. गर्दीत धक्का देऊन खिसा कापणारे आले, मग फसवून पैसे काढणारे आले, आणि आता घाम गाळून चार पैसे जोडणाऱ्याला तोच शब्द मानाने लावतात. फारच थोड्या शब्दांची अब्रू अशी सुधारते. साइड हसलला मराठीत काय म्हणाल असं पुढे विचारणार असाल तर, जोडधंदा. आमच्या पिढीत मास्तर शिकवण्या घ्यायचे आणि माड विकत धरायचे, तो जोडधंदाच होता.

प्रश्न : ‘पुश-अप’ला चांगला मराठी शब्द सुचवा. आमच्या व्यायामशाळेच्या फलकावर लिहायचा आहे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : सुचवायचा कशाला? जोर. तुमच्या आजोबांनी मारले असतील. फरक एवढाच की जिममधल्या पुश-अपमध्ये अंग फळीसारखं सरळ ठेवून वरखाली करतात. तालमीतल्या जोरात कंबर वर, मग छाती जमिनीजवळून पुढे सरकवत वर काढायची. फलकावर दोन्ही हवे असतील तर ‘सरळ जोर’ आणि ‘जोर’ असं लिहा, कुणाचं काही अडणार नाही. ‘स्क्वॉट’साठी वेगळं पत्र पाठवू नका. बैठका.